उतरलेले सेल

आमच्या घरात नवे सेल आले की ते आधी बॅटरीत जायचे. बॅटरी म्हणजे बाच्या उशाशी असायचा तो पत्र्याचा लांबडा टॉर्च. मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडलेली असायची, लांडग्याचं भ्या असायचं, म्हणून बॅटरीचा उजेड लखलखीत पाहिजे हा घरचा कायदा होता. उजेड तांबूस पडायला लागला की बा ते सेल काढायचा आणि मग ते आमच्या टेपला मिळायचे. टेपला नवा सेल कधी मिळाला नाही. मागायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मागावा असं आम्हाला कधी वाटलंही नाही. माझ्या भावाचं जे वाटोळं झालं ते या कायद्यापायी झालं, म्हणून तो आधीच सांगून ठेवते. लांडगा मात्र माझ्या आठवणीत एकदाही आला नाही.

ताडकळसहून चुडाव्याकडं येताना डाव्या हाताला एक मुरमाड माळ लागतो, तिथं आमची वस्ती होती. गावात लाईट आली होती, पण तार माळापर्यंत यायला पुढं लय वर्षं गेली. घरात बा, आई, माझ्यापेक्षा मोठा भाऊ खंडू आणि मी. मी त्याला नुसतं भाऊ म्हणायची. आमच्या मध्ये एक बहीण होती, ती तापानं गेली. तिचं नाव घरात कुणी घेत नसे, आई तर नाहीच. सकाळी मेंढरांच्या लेंड्यांचा वास, चुलीवर भाजणाऱ्या जवारीच्या भाकरीचा वास आणि ओल्या लोकरीचा वास असे तिन्ही एकात एक मिसळून यायचे. अजूनही कुठं ओली घोंगडी वाळत घातलेली दिसली की मला भूक लागते. जेवायला अंबाडीची भाजी, तीत कण्या, वरून लसणाची फोडणी. दुपारी आई आणि बा दोघं लोकर कातत बसायचे आणि तासन् तास एकमेकांशी बोलायचे नाहीत. आमच्या घरात भांडण कमी होतं, कारण बोलणंच कमी होतं.

बा बोलायचा तो ढोलावर. बिरोबाच्या जत्रेत आसपासच्या वाड्यावस्त्यांचे ढोल जमायचे आणि त्यांच्या पुढं बाचा ढोल असायचा. पुढचा ढोल ठेका धरतो, बाकीचे त्याच्या मागं जातात, आणि त्या ठेक्यावर गडीमाणसं गोल फेर धरून नाचतात. पुढचा ढोल आमच्या घराण्यात होता. बाच्या बाकडून बाकडं आला होता आणि भाऊकडं जाणार होता. शिक्षण, पैसा यांतलं काही आमच्याकडं नव्हतं, शेत म्हणजे जवारीचा एक तुकडा, पण हे होतं. जत्रेच्या दिवशी अख्खी पंचक्रोशी बाला रामराम घालायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या शेतात मेंढरं शिरली की त्याच तोंडानं आईबहिणीवरून शिव्या द्यायची.

टेप आला पूर्णेहून. तिथल्या रेल्वेच्या कॉलनीत बा बकरं विकायला जायचा. एका ड्रायव्हरच्या घरी लग्न होतं, तिथं बानं बकरं पोचवलं. ते लोक लग्न उरकून कायमचे दूर निघाले होते, घरातलं सामान वाटून टाकत होते. त्या बाईनं बाच्या हातात टेप दिला आणि दोन कॅसेटी. करंटवर चालवायची वायर सापडत नव्हती, ती द्यायची राहून गेली. एका कॅसेटवर त्यांच्या देवाची गाणी होती, ती बकरीनं चावली. दुसरीवर कागद नव्हता, नाव नव्हतं, काहीच नव्हतं. तीच आमच्या नशिबात होती.

ती पहिल्यांदा लावली ती दुपार मला स्पष्ट आठवते. मेंढरं बाभळीखाली मुंड्या एकमेकींच्या पोटाखाली घालून उभी होती. भाऊनं सेल उन्हात तापवून घेतले, कारण तापवले की त्यांच्यात थोडा जीव येतो. बटण दाबलं आणि टेपातून जे निघालं त्याला आम्ही गाणं म्हणालोच नाही. जमिनीखालून कुणीतरी जातं ओढत न्यावं असा आवाज होता. एक सूर यायचा, लांबायचा, खरखरायचा, आता तुटेल म्हणेपर्यंत लांबायचा, आणि मग खाली कुठंतरी ढोलासारखं काही पडायचं. मग पुन्हा सगळं थांबून राहायचं. आपला श्वास अडकायचा. आणि पुढची थाप पडली की वाटायचं, चला, अजून जिवंत आहोत. मग माणूस गायला लागायचा. भाषा कळत नव्हती, पण एवढं कळत होतं की हा लय म्हातारा आहे, याचं कुणीतरी गेलंय, आणि तो रडायला लाजत नाही. आम्ही त्याला म्हाताराच म्हणायला लागलो. "भाऊ, म्हातारा लाव," असं मी म्हणायची.

आईनं कातणं थांबवलं होतं. ती म्हणाली, "कोन मेलंय गा त्येचं?"

"म्हाइत न्हाई," भाऊ म्हणाला. "बंद करू का?"

"कामून? रडू दे त्येला."

आणि तिनं पुन्हा लोकर हातात घेतली, पण तिचा हात आता त्या म्हाताऱ्याच्या चालीनं चालत होता. त्या दिवसापासून आई कधी कधी आपणहून म्हणायची, लाव रे तुझा तो. बहीण गेली तेव्हा आई दोन दिवसांत उठून मेंढरांमागं गेली होती. रडायला तिला वेळ दिला नव्हता कुणी. त्या कॅसेटीनं तो दिला. या वाद्याला लोक काय म्हणतात, हे कुठल्या देशाचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यानं काही अडत नव्हतं. रेडिओवरची गाणी सगळी घाईत असायची, प्रेम झालं तरी घाई, मोडलं तरी घाई. हा एकटाच होता जो आमच्या दुपारीइतका हळू होता. मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाचं पाऊल कसं पडतं ते ज्यानं पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. ते पाऊल कुठं पोचायचं म्हणून पडत नाही. त्या जडपणात एक सुख होतं. आपल्या छातीवरचा धोंडा दुसऱ्या कुणीतरी उचलून बघितला आणि म्हणाला, हो, जड आहे, एवढंच सुख. लोकांना वाटतं उदास गाण्यानं माणूस आणखी उदास होतो. ज्यांना उदासी परवडते त्यांचं होत असेल.

भाऊ मात्र नुसतं ऐकून थांबला नाही. त्यानं ती चाल ढोलावर घेतली. बा बाजाराला गेला की तो ढोल काढायचा आणि माळाच्या पलीकडच्या नाल्यात जाऊन बसायचा. मी बकऱ्या घेऊन तिकडंच जायची. डाव्या हाताची थाप तो मुद्दाम उशिरा आणायचा. मी बकऱ्यांचं भान विसरून बसायची.

"ही थाप कामून अडवायलास?" मी एकदा विचारलं.

"अडवीत न्हाई. वाट बघाया लावायलोय," तो म्हणाला. "सुंदे, देव अंगात यायच्या आधी मानूस कसा गप होतो, बघितलं का? ते गप झालेलं वाजवायचंय मला."

असं बोलणारा माणूस मी पुढं आयुष्यात पाहिला नाही. माझा नवरा भला होता, अंगणवाडीत नोकरी करू दिली त्यानं, पण असं एक वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. भाऊच्या डोक्यात जे होतं ते पुढच्या ढोलावर बसल्याशिवाय कुणाला ऐकवता येणार नव्हतं. त्या वर्षी बाचा खांदा धरला होता, हात वर जाईना. जत्रेच्या आदल्या आठवड्यात बानं सांगून टाकलं, "औंदा पुढचा ढोल खंड्याचा." आईनं त्या दिवशी पुरण घातलं, सणवार नसताना.

जत्रेच्या दिवशी बानं स्वतः ढोलावर भंडारा टाकला, ढोल बडवायचं टिपरू आधी देवाच्या पायाला लावलं आणि मग भाऊच्या हातात दिलं. उन्हं कलली होती. आम्ही बायका लिंबाखाली. फेर उभा राहिला, गडी रुमाल घेऊन तयार, भाऊच्या मागं इतर ढोल, त्यांत चुलतभाऊ नामाही होता. भाऊनं सुरुवात बासारखीच केली. दोन फेरे छान झाले. मग त्यानं डोळे मिटले आणि मला कळलं, आता तो म्हाताऱ्याकडं चाललाय. ठेका सैल होत गेला, जड होत गेला, आणि त्यानं ती थाप अडवली.

माळावर एक क्षण जी शांतता पडली ती मी अजून विसरलेली नाही. आईनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतली. पण फेरातल्या गड्यांचे पाय वरच्यावर राहिले होते. पाय कुठं टेकवायचा ते सांगणारी थापच आली नाही. एकजण पुढच्यावर गेला, तो त्याच्या पुढच्यावर, रुमाल पायात आले, दोघं तिघं धुळीत बसले. मागच्या ढोलांची गल्लत झाली, कुणी हळू, कुणी पळत. आणि मग हसणं सुरू झालं. आधी पोरं हसली, मग सगळेच. भाऊची थाप पडली ती त्या हसण्यावर पडली. त्याला काही कळलंच नव्हतं, तो डोळे मिटून वाजवतच होता.

बा फेर तोडून आत गेला. "जत्रा हाय ही," तो ओरडला, "मैत न्हाई कुनाची! दे इकडं ते टिपरू."

भाऊनं डोळे उघडले. "बा, जरा थांब, पुढं येतंय..."

बानं टिपरू हिसकलं आणि सगळ्यांदेखत नामाच्या हातात दिलं. खांदा धरल्यानं जो हात वर जात नव्हता त्याच हातानं दिलं. नामानं झटक्यात ठेका धरला, फेर उभा राहिला, लोक नाचले. भाऊ ढोल गळ्यात घेऊन तसाच मध्ये उभा होता, लोक त्याला चुकवून नाचत होते. मी बाला हे कधीच माफ केलं नाही. तो गेला तेव्हा रडले, पण माफ केलं नाही. लोकांचं पाऊल चुकलं म्हणून घराण्याचा ढोल एका क्षणात दुसऱ्याला देता येतो, आणि पोटचा पोरगा काय वाजवत होता हे विचारायला त्याला पुढची सगळी वर्षं पुरली नाहीत. मला तर कुणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. लिंबाखालच्या बायकांना काय आवडलं हे विचारायची पद्धत आमच्याकडं अजून आलेली नाही.

भाऊनं मनाशी एक धरलं, की आपलं चुकलेलं नाही, फक्त गाव चुकीचं आहे. कुठंतरी अशी चाल वाजवणारे लोक आहेत, नाहीतर ही कॅसेट कुठून आली? थोड्याच दिवसांत तो चुडाव्याला गाडीत बसून हैदराबादला गेला. आमच्या मावशीचा दीर तिथं बांधकामावर होता. कॅसेट त्यानं बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती. आईनं भाकरी बांधून दिल्या. बा मेंढरांकडं होता, तिथूनच बघत होता.

तो परत आला तेव्हा जवारी पोटरीला आली होती, कणीस फुटायच्या बेतात. मी त्याला नाल्याकडं गाठलं आणि विचारलं. त्यानं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. गिटारी दुरुस्त करणारं एक दुकान त्याला तिथं सापडलं. दुकानदार म्हातारा, भला माणूस होता. त्यानं कॅसेट हौसेनं घेतली आणि करंटवरच्या मोठ्या टेपला लावली. भाऊ डोळे मिटून उभा राहिला. आणि टेपातून भलतंच काहीतरी उड्या मारत निघालं.

"म्या म्हनलं, चाच्या, ही माजी कॅसेट न्हाई," भाऊ सांगत होता. "त्येनं काडून दाखवली. माजीच व्हती. फिरून लावली. तेच. वरातीत वाजवल्यावानी, टनाटना. थाप कुटंच थांबत न्हाई, सुंदे. कुटंच न्हाई."

"आन म्हातारा?"

भाऊनं एक खडा उचलून नाल्यात भिरकावला. "म्हातारा न्हाई," तो म्हणाला. "पोरगी हाय ती. तुज्याएवढी असल. हासत हासत म्हनायली."

दुकानदाराला भाऊनं सगळं सांगितलं, माळ, टेप, बॅटरीतले सेल. त्यानं ऐकून घेतलं आणि मग त्याला हसू आवरलं नाही. तो म्हणाला, "तुमारे सेलाँ उतर गए थे मियाँ, और कुछ नै." उतरल्या सेलांवर टेप हळू फिरतो, आवाज जाड पडतो, एवढं समजावून वर चहा पाजला. भाऊला तो चहा सगळ्यात जास्त लागला.

ही गोष्ट त्यानं मला सांगितली आणि कुठल्या दुर्बुद्धीनं कोण जाणे, नामाला सांगितली. हॉटेलात चहा पिता पिता नामानं ती गावाची केली. त्या दिवसापासून भाऊचं नाव गेलं. पोरं मागून ओरडायची, "सेल उतरला का रं, खंड्या?" त्याचं लग्न ठरलं, तिथं नवरीकडच्या वऱ्हाड्यांच्या कानावरही तेच आधी गेलं. पुढं तो जरा हळू चालला, हळू बोलला, उत्तर द्यायला थांबला, की कुणीतरी म्हणायचंच. ढोलाला त्यानं हात लावला नाही. कॅसेटीतली फीत ओढून काढली आणि जवारीच्या चारी बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधली, पाखरं येऊ नयेत म्हणून. वारा सुटला की ती फीत घुमायची, खाली, जड, लांबलचक. मी बांधावर उभी राहून ऐकायची. भाऊ तिकडं पाठ करून गोफण फिरवायचा. त्या वर्षी आमची जवारी पाखरांनी खाल्ली नाही, एवढं मात्र झालं.

हे सगळं आता का लिहिते आहे? मागच्या उन्हाळ्यात परभणीत आमच्या घरी, भर दुपारी, शेजारच्या खोलीतून तो आवाज आला. मी डाळ निवडत होते. ताट हातातून सुटलं. जमिनीखालून ओढलेलं जातं, तोच सूर, तीच अडवलेली थाप. नात कॉलेजात जाते, तिच्या फोनमध्ये होतं. मी विचारलं, याचे सेल उतरलेत का गं? ती हसून लोटपोट झाली. मग तिनं मला समजावलं, की याला डूम म्हणतात, हे मूळचं काळ्या मजुरांच्या दुःखाच्या गाण्यांतून आलं, त्यात गांजेकसाची गुंगी मिसळली, आणि हे लोक गिटारीच्या तारा मुद्दाम ढिल्या करतात, मुद्दाम हळू वाजवतात. जगभर याची जत्रा भरते म्हणे. लोक डोळे मिटून उभे राहतात, कुणी पडत नाही, कुणी हसत नाही.

मुद्दाम. त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात आग पेटली ती अजून विझली नाही. ज्यांच्या घरी भिंतीभिंतीला करंट आहे ते मुद्दाम हळू वाजवतात तर ती कला. माझ्या भावानंही मुद्दामच वाजवलं होतं. टेपाचे सेल उतरले असतील, त्याचे हात उतरले नव्हते. नाल्यात बसून, एकेक थाप अडवून, त्यानं ते घडवलं होतं, आणि ते खरं की चूक हे ठरवायला त्याला दुसऱ्याच कुणाची कॅसेट लागली. आता बिरोबाच्या जत्रेत नामाचा नातू डीजे लावतो, छातीची कवाडं हलतात. पुढचा ढोल कुणाच्या माळ्यावर आहे ते विचारायला मी गेले नाही.

भाऊ अजून वस्तीवरच असतो. मेंढरं कधीच विकली, चार बकऱ्या आहेत, लाईट आहे, वहिनी गेली. मी नातीला घेऊन गेले. दुपारची वेळ निवडली. तो बाजेवर बसला होता, मला बघून पानाची पिशवी बाजूला सारली, बस म्हणाला. मी नातीला म्हणाले, लाव. भाऊला काही सांगितलं नाही. फोनला जोडलेला आवाजाचा डबा तिनं बाजेच्या कडेला ठेवला.

सूर निघाला. भाऊ आधी बकऱ्यांकडं बघत होता. मग त्याचं बघणं थांबलं. थाप अडली, आणि पडली, आणि मला दिसलं, बाजेच्या लाकडावर त्याचा डावा अंगठा पडला होता, बरोबर तिथंच, केसाचंही अंतर नाही. पुन्हा अडली, पुन्हा पडला. इतक्या वर्षांनी त्या हाताला सगळं ठाऊक होतं. तेवढ्यात गाणारा गायला लागला, खोल, खरखरीत, कुणीतरी गेल्यासारखा.

"भाऊ," मी म्हणाले, "म्हातारा."

त्याचा अंगठा थांबला. त्यानं हात उचलून मांडीखाली घेतला.

"पोरगी हाय ती," तो म्हणाला. "सेल उतरलेत. बंद कर म्हन तिला."

नात म्हणाली, "नाही आजोबा, चार्जिंग फुल आहे, हे बघा," आणि तिनं फोन त्याच्यापुढं धरला. तो चपला शोधत होता. बकऱ्या सोडायची वेळ झाली म्हणाला, आणि उन्हात निघून गेला.